जुन्या नावाला ओ

एका शुक्रवारी मी ऑफिसातली ‘खिडकी’ पुसली, आणि सोमवारी सकाळी आमच्या कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर परत गेलं.

नीट सांगतो, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं. कंपनी शनिवार पेठेत दोन खोल्यांत होती, तेव्हा सर्व्हर जिथे ठेवले तिथलीच नावं पोरांनी त्यांना दिली: खिडकी, माळा, मोरी. इंटरनेटवर कंपनीच्या नावाआधी ‘खिडकी’ टाइप केलं की त्या मोठ्या औषधवाल्या गिऱ्हाइकाला आपला साठा दिसायचा. पुढे आम्ही खराडीला आलो. तिथे ‘खिडकी’ बंद काचेच्या खोलीत, आणि ‘मोरी’ कुठे आहे हे सांगताना पाहुण्यांपुढे लाज वाटायची. मी खरेदी खात्यातला. पण माझं अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी नावांची यादी माझ्याकडे दिली. मी ‘खिडकी’चं ‘कोठार’ केलं आणि जुनं नाव पुसलं. घर बदलल्यावर जुन्या घरावर पाटी कोण ठेवतं?

हे ज्यांनी निस्तरलं ते सुधाकर वाघमारे, आमचे सिस्टीमवाले. पन्नाशीचे, सडपातळ, खिशाला दोन पेनं. कोणी सर्व्हरला नवं नाव सुचवलं की ते फोन उचलून रिसेप्शनच्या बाईंना एकदाच सांगत. बाईंनी बरोबर लिहून घेतलं तर नाव पास. एका इंजिनिअरनं कुठल्याशा ग्रीक देवाचं नाव आणलं. बाईंचा कागद वाचून वाघमारे म्हणाले, “हा देव पुण्यात चालणार नाही.”

स्वतःचं नाव ते नुसतं ‘सुधाकर’ सांगत. पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला: “सुधाकर कोण?” “सिस्टीमवाला.” त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म स्वीकारलेला. त्या प्रश्नामागचा प्रश्न वाघमाऱ्यांना लहानपणापासून पाठ होता.

तर सोमवारी साहेब गरजले, “कोणी केलं हे? त्याला आजच घरी पाठवतो!” माझ्या डोळ्यांपुढे वारज्याचं घर आणि दहावीतली मुलगी आली. वाघमारे मान वर न करता म्हणाले, “माझ्या विभागातून झालं. तासाभरात चालू होईल.” विभाग म्हणजे ते एकटेच, त्यामुळे साहेबांना घरी पाठवायला कोणी उरलं नाही.

मग त्यांनी ‘खिडकी’ परत यादीत लिहिली आणि तिचा पत्ता ‘कोठार’कडे वळवला. मला म्हणाले, “नाव चांगलं ठेवलंत. पण जुन्या नावाला ओ देणं का बंद केलंत?”

“एकाला दोन नावं कशाला, म्हटलं.”

“हाक मारणाऱ्यासाठी. त्याला काय माहीत, तुमच्याकडे परवा बारसं झालं ते?”

मला अर्धंच कळलं, पण नोकरी वाचली हे पूर्ण कळलं. रविवारी त्यांना चहाला बोलावलं आणि बायकोपुढे माझा पराक्रम सांगितला. तिनं कपबशी खाली ठेवली.

“आमचं तर एका दिवसात बंद केलं होतं.”

“काय?” मी.

“नाव. ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मंजिरी’ तुम्हीच लिहिलंत ना?”

वाघमाऱ्यांनी विचारलं, “वहिनी, माहेरचं काय होतं?”

“कुसुम.”

“मग ते चालू करू या,” ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी फोन आला, “कुसुमताई आहेत का?” मी “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला. फोन पुन्हा वाजला, तो तिनं घेतला. नंतर पंधरा-सोळा वर्षं सणासुदीला, तिच्या वाढदिवसाला, वाघमाऱ्यांचा फोन यायचा. “बोला दादा,” म्हणताना तिचा आवाज वेगळाच व्हायचा. मला वाटायचं, फोनचाच दोष असेल.

गेल्या वर्षी वाघमारे गेले. अंत्ययात्रेला ऑफिसातली नवी मंडळी आली होती. त्यांतला एक म्हणाला, ‘खिडकी’ कोणी ठेवली, का ठेवली, कोणालाच माहीत नाही. पण काढायची हिंमत होत नाही, अजून कोणी ना कोणी त्याच नावानं येतं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं.

“तुमची खिडकी राहिली,” ती म्हणाली. “कुसुमला आता कोण हाक मारणार?”

“मी मारीन की.”

“तुम्ही?” ती डोळे पुसत म्हणाली. “मी ओ दिली, तर राँग नंबर म्हणाल.”