वसंता आणि भुलाबाईची गाणी

वसंता गेला त्या सकाळी मी पहिला फोन तुम्हालाच केला.  ईशा, तू विचारलंस, "आजी, मामाआजोबांना नक्की काय झालं होतं?" मी सांगितलं की झोपेतच गेला, डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. तू म्हणालीस, "ते नाही गं. आधीपासून... नेहमीच." त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. आता त्याला शब्द आहे, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. तुमच्या वर्गात तशी मुलं शेजारच्या बाकावर बसतात, त्यामुळे तुम्हा दोघा भावंडांना तो शब्द माझ्याआधी कळला. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी तो आमच्यापैकी कोणाजवळ नव्हता. त्या फोनला आता काही आठवडे झाले, पण मी एका जागी बसू शकत नाही. कपाटं आवरली, ती विस्कटून परत लावली. चहा गॅसवर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निबंधाला आधी सुरुवात हवी म्हणून पोरांचे कागद परत केले, आणि आज माझीच सुरुवात जागेवर राहत नाही. हे रोहनसाठी आणि तुझ्यासाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं, तर तिच्या वाचकांनीही वाचावं.

आमचं घर सीताबर्डीच्या एका गल्लीत होतं. पुढे अंगण, मागे पेरूचं झाड. बाबा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे; आई खेड्यातून आलेली, तिची बोली शेवटपर्यंत बदलली नाही. वसंता बोलायला लागला नाही, हे आधी तिच्या लक्षात आलं. नजर द्यायचा नाही, हाक मारली तर वळायचा नाही, आगगाडीच्या शिट्टीपासून मात्र कान झाकून पळायचा. आणि गायचा. कुठे शिकला, तर माझ्या बोटाला धरून. आमच्या विदर्भात भादव्याच्या पौर्णिमेपासून महिनाभर मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, मग घरच्या बाईनं डबा वाजवायचा आणि आतला खाऊ आपण ओळखायचा. आई त्याला माझ्याबरोबर धाडायची, तेवढाच तिला स्वयंपाकाला मोकळा हात. दुसऱ्या वर्षी त्याला सगळी गाणी आली, ओळीनं. खाऊच्या लोभानं मुलींनी मधलं एखादं गाळलं की हा रस्त्यातच मांडी घालून बसायचा, गाळलेलं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत म्हणायचा, आणि मगच उठायचा. शेजारच्या मालूनं एकदा वैतागून म्हटलं होतं, "उद्यापासून याले घरीच ठेव वं, याच्यापायी सारे फुटाणे संपून जातात."

शब्द येत नव्हते, पण त्याची कामं अडत नव्हती. विहिरीवर पाणी भरणाऱ्या सुनेचं गाणं त्यानं धरलं की आई पाण्याचा गडू घेऊन जायची. माहेरी निघालेल्या सुनेचं गाणं म्हणजे बाहेर चला. पाळण्याचं म्हणजे अंथरूण घाला. सासूच्या तक्रारींचं एक लांबलचक गाणं होतं, ते लागलं की समजायचं, कोणीतरी याची वस्तू जागची हलवली. आमच्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पाहुणे आल्यावरच त्यात काही वेगळं आहे याची आठवण व्हायची. पाहुणे हसायचे. वसंताला मिशा फुटल्या, आवाज जाड झाला, उंचीनं बाबांच्या वर गेला, तरी गाणी पोरींचीच. गल्लीतले लोक दारात उभे राहून विचारायचे, "काय गा वसंता, यंदा भुलाबाई तुह्याकडंच काय?" तो त्यांच्याकडे बघतही नसे. बाबा मात्र ऐकायचे, आणि सायकल अंगणात न लावता सरळ घरात आणायचे.

साठचं दशक संपत आलं होतं, मी एम.ए.ला होते. बाबांच्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की धंतोलीत परदेशातून शिकून आलेले एक डॉक्टर बसतात, त्यांना दाखवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा, आई आणि वसंता टांग्यानं गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं वेळ दिला, प्रश्न विचारले, आणि शेवटी जे सांगितलं ते बाबांना पटलं, कारण ते नियमासारखं होतं. मुलाला गाण्यानं सगळं मिळतं, मग तो बोलेल कशाला? गाण्याला उत्तर देणं थांबवा. शब्दानं मागेल तेव्हाच द्या. त्या दिवशी जेवताना बाबांनी ते आम्हाला सांगितलं.

"आजपासून गाण्याला कोणी उठायचं नाही."

"अन् नाही बोलला तं?" आईनं विचारलं.

"बोलेल. त्याला गरज पडली पाहिजे."

"तहान लागून राहिली हे काय कमी गरज हाय काय?"

बाबांनी ताटातून वर पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना मुलाच्या तोंडून एकदा 'बाबा' ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी कोणताही नियम पाळला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आम्ही अंधाऱ्या खोलीत पडलो होतो, तेव्हा विहिरीचं गाणं सुरू झालं. कोणी उठलं नाही. त्यानं ते संपवलं, थोडा थांबला, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. जरा मोठ्यानं. बाबा वर्तमानपत्र धरून बसले होते, पान उलटत नव्हते. आई उठून मागे पेरूजवळ जाऊन उभी राहिली, भर उन्हात. शेवटी वसंता न्हाणीत गेला आणि नळाला तोंड लावून प्यायला... असेच दिवस गेले. कधी त्यानं पाळण्याचं गाणं म्हटलं आणि उघड्या फरशीवर झोपला. माहेरचं म्हणत बंद दाराशी उभा राहिला. आम्ही सगळे आपापल्या कामात मान घालून. मग एकेक गाणं कमी होत गेलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तो गायचा पूर्ण थांबला. शब्द मात्र आला नाही. मागेनासाच झाला. समोर ठेवलं तर खायचा, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. घर इतकं शांत झालं की घड्याळ ऐकू यायचं. मालूची आई कौतुकानं म्हणाली, "तुहा पोट्टा सुधरला वं बाई. आताशा आवाज नाही काही नाही."

"सुधरला नाही," आई म्हणाली, "बंद झाला."

बाबा पुन्हा धंतोलीला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. बाबा धीर धरणारे होते, पण वसंता वाळत चालला होता. त्याची विजार आईनं नाडीनं आवळून बांधायला सुरुवात केली होती. भादवा आला. पौर्णिमेला मालूच्या धाकट्या बहिणींनी आमच्या अंगणात भुलाबाई मांडली आणि गाणी सुरू केली. आम्ही तिघं आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होतो. वसंता कुशीवरून वळलासुद्धा नाही. मुली गाणी गाळत होत्या, मधलं सोडून शेवटचं म्हणत होत्या, आणि हा आत पडलेला. तेव्हा बाबांचा चेहरा पाहिला मी. आई त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "तुम्ही बंद केलं न, आता तुम्हीच चालू करा. मले नाही जमणार."

तुम्ही माझ्या बाबांना पाहिलं नाही, म्हणून सांगते. हा माणूस गणपतीच्या आरतीतही नुसते ओठ हलवायचा. सूर म्हणजे काय, हे त्यांना जन्मात कळलं नव्हतं. ते आत गेले, शाळेचा कोट अंगात तसाच, वसंताच्या पाठीमागे सतरंजीवर मांडी घातली, घसा साफ केला आणि विहिरीचं गाणं म्हणायला लागले. उन्हाळाभर कानावर पडलेलं, म्हणून शब्द पाठ होते. चाल? पाढे म्हणावेत तसं. वर जायचं तिथे खाली, थांबायचं तिथे धावत. अंगणातल्या पोरी गप्प झाल्या, मग फिदीफिदी हसायला लागल्या. खिडकीशी मालूची आई येऊन उभी राहिली. "मास्तर भुलाबाई म्हणून राहिले काय?" तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "म्हणू द्या. तुम्ही डबा भरा जा."

बाबांनी ऐकलं असणार. थांबले नाहीत. तिसऱ्या कडव्याला वसंतानं कानांवर हात दाबले. बाबा आणखी मोठ्यानं म्हणू लागले, आवाज फाटत होता. मग वसंता उठून बसला. त्याच्या कपाळावर आठी होती, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं. त्यानं आपला पंजा बाबांच्या तोंडावर गच्च दाबला, आणि त्यांनी बिघडवलेली ती ओळ स्वतः म्हटली. खरखरीत, अडखळत, पण सुरात. पंजा काढला. बाबांनी ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा चूक. पुन्हा पंजा... असं करत त्या दोघांनी गाणं शेवटाला नेलं. संपल्याबरोबर बाबा धडपडत उठले, स्वयंपाकघरातून स्वतः गडू भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. वसंतानं घेतला नाही. त्याला तहान नव्हती. तो नुसता गात होता. बाबा थोडा वेळ गडू घेऊन उभे राहिले आणि मग ते पाणी त्यांनीच पिऊन टाकलं, कारण त्यांचा घसा सुकला होता. आई दाराच्या चौकटीला धरून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

धंतोलीला पुन्हा कोणी गेलं नाही. गाण्याला पाणी मिळायला लागलं, अंथरूण मिळायला लागलं. आणि एक नवीन पायंडा पडला घरात: शाळेतून आल्यावर कोट काढण्याआधी बाबा वसंताजवळ बसायचे आणि विहिरीचं गाणं म्हणायचे. कशासाठीही नाही. बाबा चुकायचे, तो पंजा ठेवायचा, दुरुस्त करायचा. माझं लग्न झालं, तुमची आई झाली, बाबा निवृत्त झाले, आता कोट नसायचा, तरी वेळ तीच. बाबांची चाल एका सुतानंही सुधारली नाही. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता तरी बरोबर म्हणा की." ते म्हणाले, "बरोबर म्हटलं तर तो हात कशाला लावेल?" यात थट्टा किती होती, मला कधी कळलं नाही. 'बाबा' हा शब्द त्यांनी वसंताच्या तोंडून ऐकला नाही.

ऐंशीच्या दशकात, एका पाठोपाठ एक, आई गेली आणि मग बाबा गेले. बाबांच्या वेळी वसंता रडला नाही; लोकांना ते खटकलं. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण उरकून पाहुणे पांगले, मी त्याचं सामान बांधत होते, माझ्याकडे आणायचं म्हणून. तो सतरंजीवर बसला होता. बाबांच्या शाळेवरून यायच्या वेळेला त्यानं विहिरीचं गाणं सुरू केलं, आणि माझ्या हातातले कपडे खाली पडले. ती बाबांची चाल होती. वर जायचं तिथे खाली, थांबायचं तिथे धावत, घशात तीच खरखर. इतकी वर्षं ज्या चुकांवर त्यानं हात ठेवला, त्या सगळ्या त्याच्याजवळ होत्या. एकही गाळली नव्हती.

त्यानंतर माझ्या घरी तो रोज त्या वेळेला मागच्या खोलीत ते तसंच म्हणायचा. एरवी तहान लागली की विहिरीचं गाणं नीट, सुरात. संध्याकाळी मात्र बाबांचं. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा ते ऐकून हसायचात आणि मीही हसू द्यायचे. तुमच्या आईनं सांगितलं होतं, फोनवर रेकॉर्ड करून ठेव. फोन समोर धरला की तो गप्प व्हायचा, म्हणून नाद सोडला. असं काही संपेल, हे डोक्यात येत नव्हतं.

आता ती वेळ झाली की मला घरात कुठेच थांबवत नाही. मागच्या खोलीत जाते, त्याची सतरंजी अजून तिथेच आहे, तिच्यावर बसते आणि बाबांसारखं म्हणून बघते. शब्द येतात. पण चाल लहानपणी पोरींबरोबर शिकलेली, ती घट्ट बसली आहे. वर जायचं तिथे आवाज आपोआप वर जातो. मुद्दाम खाली आणते, तर ते नुसतंच बेसूर होतं, बाबांचं होत नाही. आजही बसले होते. सगळी कडवी म्हटली, आणि सगळं गाणं बरोबर आलं.