तापावर खूश होणारे नाना डॉक्टर

ताप आलेल्या माणसाला पाहून खूश होणारा डॉक्टर मी एकच पाहिला: वाशीमच्या दवाखान्यातले नाना डॉक्टर. कपाळावर हात ठेवून म्हणायचे, "वा! आंगातला कोतवाल जागा हाय. चोर सापडते आता." मी नुकतीच लग्न होऊन रिठदला आले होते. मला हा माणूस थोडा चक्रमच वाटला.

त्याच साली आमच्या यांना पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं. नानांनी ते साबणानं धुऊन काढलं, पोटात रोज एक इंजेक्शन सुरू केलं आणि मधे खंड पाडायचा नाही, असं बजावलं. पण जखम भरली, ताप नाही, सूज नाही. त्यात तूर कापणीला आलेली. यांनी वाशीमला जाणंच सोडलं.

मग एके दिवशी नानाच मोटारीनं रिठदला हजर, हातात औषधाची पेटी.

"जखम तं भरली साहेब. मले काहीच होऊन नाही राह्यलं. मंग कायले टोचता?" हे म्हणाले.

"म्हणूनच तं मले भेव वाटते, बाबू. हा विषाणू लय हुशार. कोतवालाले उठवतच नाही. नसंत घुसते अन् चुपचाप डोक्याकडं चालत राह्यते. तिथं पोचला तं मंग कोणाच्याच हाती काही नाही. हे इंजेक्शन कोतवालाले आधीच हलवून उठवते."

हे मुळीच ऐकेनात. तेवढ्यात सासूबाईंनी चहा आणला. नानांनी कप बाजूला सारला. "हा आडवा झाल्याबिगर मी चहा घेत नाही, माय." आमच्या दारातून पाहुणा चहा न घेता उठणार! सासूबाई लेकावर कडाडल्या, "झोप गुमान! गावात मले तोंड दाखवू देशील का नाही?" यांनी निमूट सदरा वर केला. निवलेला चहा नाना शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. उरलेली इंजेक्शनं द्यायला ते रोज येत राहिले.

पुढं बाजारात, लग्नात, कुठंही भेट झाली की नाना यांची पोटरी दाबत. "इथं मुंग्या येते का?" "नाही जी." मग मोठ्यानं हसत. बदली झाली तेव्हा स्टँडवरही चारचौघांत वाकून त्यांनी पोटरी दाबली. हे ओशाळले. मला हसू आवरेना.

फार वर्षांनी एका दुसऱ्या डॉक्टरांना मी ही गंमत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "चावल्या जागी मुंग्या येणं हे त्या रोगाचं पहिलं लक्षण. त्यानंतर माणूस वाचत नाही."

म्हणजे इंजेक्शनांत पडलेल्या त्या खंडाची धास्ती नानांनी एकट्यानं वाहिली होती, आणि आम्हांला खुशाल हसू दिलं होतं. घरी आले तर हे ओसरीवर बसलेले. मी पायाशी बसून पोटरीवरून हात फिरवू लागले.

"काहून व, रडून काहून राह्यली?" यांनी विचारलं.