हळदीचा कागद

शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, म्हणून हळदीच्या कागदाचा प्रयोग मी शनिवारीच उरकते. नंजनगूडच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, त्यामुळे हळद, साबण, लिंबू सगळं घरून न्यायचं. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आम्लाने आम्लारीचा जोर मोडला, एवढंच सांगायचं असतं. मुलं मात्र जादू बघितल्यासारखी ओरडतात. माझं डोकं त्या दिवशी आधीच दुखत होतं. बसमध्ये जागा मिळाली नाही आणि लष्कर मोहल्ल्यातल्या घरी पोचेपर्यंत मला कुणाशी बोलायचीही इच्छा उरली नव्हती.

पुढच्या खोलीत अप्पा, माझे वडील, मशीनसमोर बसले होते. मशीन बंद होतं. ते जन्मभर शिंपीकाम करत आलेत. साखर अशीच राहिली तर बोटं बधिर होतील, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी एकच धास्ती घेतली होती. सुई टोचलेली कळली नाही की त्या दिवशी शिवण बंद, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मांडीवर एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा पांढरा ब्लाउज होता आणि त्यावर लाल डाग.

"रगत हाय," ते म्हणाले. "कधी टोचलं, कळलंच नाही बघ. होगली बिडू, जाऊ दे, संपलं आता."

मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. आजच का, असं वाटलं. बोटं तपासली, कुठेच टोचलेलं नव्हतं.

"साबण लावलात?"

"हाताचा मळ निघावा म्हणून साबणाचा ओला बोळा फिरवला, सुम्ने, उगं आपला."

मग मशीनकडे लक्ष गेलं. दसऱ्याच्या सुट्टीत आयुधपूजेला मशीनला लावलेली हळद सुईपाशी अजून चिकटलेली होती. पिशवीत वर्गातलं अर्धं लिंबू उरलं होतं, ते मी डागावर पिळलं. लाल डाग पिवळा झाला.

"रक्त नाही अप्पा, हळद आहे. उन्हात टाकला की उडेल."

त्यांनी बोटं एकेक करून दाबून पाहिली. चेहरा सैल झाला. मला वाटलं, सुटले एकदाची. मी चहा ठेवायला उठले.

"म्हणजे हात चांगला हाय," ते मागून म्हणाले. मग त्यांनी ब्लाउज डोळ्यांजवळ धरला. "एवढी हळद मला दिसली कशी नाही गं?"

चहा झाला. संध्याकाळपर्यंत डाग उन्हात जवळजवळ उडाला, आणि अप्पा हुकं लावायला बसले. त्यांच्या सुईला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना कधी खपत नसे.

त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला.

"ओवून दे," म्हणाले.