तिच्या नावाची चौथी रूम

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे प्रिंटर अडलेल्या एका माणसाला डोंबिवलीच्या गप्पांच्या रूममधून उठवून मदतीच्या रूममध्ये पाठवणं. रूम म्हणजे कॉम्प्युटरवरची, लिहून बोलायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला डोंबिवलीत आमचं इंटरनेटचं दुकान होतं. हिला मोतीबिंदू, म्हणून मी अक्षरं लावून वाचायचो, ही सांगायची, मी एका बोटाने दाबायचो. मी चौथी पास, जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला.

"अहो, तिथल्या लोकांना आधी सांगा, माणूस येतोय."

"अगं, जाईल की तो. लहान आहे का?"

"लिहून टाका म्हटलं ना."

ही ठाण्याला टेलिफोन ऑपरेटर होती. माणूस मध्येच लटकलेला तिला चालायचा नाही.

फुकट वाटायचं, कुणीही उघडून दुरुस्त करायचं, असल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्या तीन रूम: ठाण्याची, डोंबिवलीची, मदतीची. सगळे तिन्हीकडे बसलेले. एकदा एका मास्तरांनी तिन्हीकडे एकच प्रश्न टाकला. तीन उत्तरं आली, मास्तरांनी तिन्ही एकामागून एक करून बघितली. डिस्क साफ! शाळेच्या प्रश्नपत्रिका गेल्या. तेव्हापासून ही मागे लागली, गावांच्या रूम बंद करा, गप्पांची एक आणि मदतीची एक ठेवा. दोन वर्षं घसा कोरडा केला. ठाणेकर म्हणायचे डोंबिवलीने आधी, डोंबिवलीकर म्हणायचे ठाण्याने. शिकलेली इंजिनियर माणसं, पण नळावर भांडतात तशी भांडायची.

प्रिंटरवाल्याला पाठवलं त्याच दुपारी ही जेवून आडवी झाली, ती उठली नाही.

संध्याकाळी स्मशानातून आलो तर दारात मंडळाचा म्होरक्या.

"काका, काकूंच्या नावाने नवीन रूम उघडलीय. सगळे श्रद्धांजली लिहितायत."

"चौथी?"

"हो."

"अरे, तीनच्या दोन करा म्हणत मेली ती! आणि तुम्ही चार केल्या?"

"भावना समजून घ्या ना, काका."

"भावना घाल चुलीत. जिवंत होती तेव्हा कुणी ऐकलं तिचं?"

तो खाली बघत म्हणाला, "काका, डोंबिवलीची चावी तर तुमच्याकडेच होती."

मी त्याला हाकलला. थोबाडात मारायचं तेवढं बाकी ठेवलं. पण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. ती रूम माझ्या दुकानातून उघडलेली, बंद करायचा पासवर्ड माझाच. ही कितीदा म्हणालेली, अहो, आपली तरी बंद करा. मी म्हणायचो, आपण का म्हणून? आधी ठाणे. डोंबिवलीची शान म्हणे! कसली डोंबलाची शान.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर केलं. शेजारीण म्हणाली, "अहो, सुतकात?" म्हटलं, हो, सुतकात.

डोंबिवलीच्या रूममध्ये एकवीस जण बसलेले. कुणी "काका, धीर धरा" लिहिलं, कुणी नुसतं "हात जोडतो". मी पासवर्ड टाकला, एकेकाचं नाव शोधून एकेकाला बाहेर काढलं, आणि रूम बंद केली. एका बोटाने करता करता अकरा वाजले.