उताराचा सराव

लिमरिकमधल्या माझ्या घराशेजारी सत्तरीचे एक आयरिश गृहस्थ राहतात. दर वर्षी ते डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ओझं घेऊन उतरणं त्यांना जमेना. २०२० च्या हिवाळ्यात कुंपणापलीकडून म्हणाले, "पुढच्या वर्षी गोळी मी मारीन, ओझं तू आण. नाहीतर माझी शिकार संपली." मी हो म्हणालो. दिवसभर खुर्चीत बसून माझं पोट सुटलं होतं, जिना चढताना धाप लागायची. पण हो म्हणायला कुठे दम लागतो?

अडचण आईची होती. तीन महिन्यांसाठी कोल्हापूरकडच्या गावाहून आली आणि विमानं बंद झाल्याने माझ्याकडेच अडकली. मटण खाणाऱ्याच्या घरी ती पाणीही पीत नाही. शिकारीचं ऐकून तिने माझ्याकडचं अन्न सोडलं, तर या परक्या मुलखात ती जाणार कुठे? मी सरळ थाप मारली: वजन कमी करायचंय.

लॉकडाऊनमधल्या पाच किलोमीटरच्या मर्यादेत एकच टेकडी होती. सॅकमध्ये दहा किलो तांदूळ घालून मी चढायचो, आई खाली बाकावर बसायची. चढ जमायला लागला, पण उतरताना गुडघे लटपटायचे. एकदा चिखलात सपशेल आपटलो.

आई उठली. लहानपणी तिने डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या आणल्या होत्या. "तिरका उतर. टाच आधी टेकव. गडबड करू नगंस." मग रोज तेच. सॅकच्या पट्ट्यांना तिने आतून मऊ फडकं शिवलं. मला खोटेपणाची लाज वाटायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो.

पुढच्या शरदात अर्धं हरीण पाठीवर घेऊन मी उतरलो, तिरका, टाच आधी टेकवत. शेजाऱ्यांचे डोळे भरून आले. माझा वाटा त्यांच्याच फ्रीझरमध्ये ठेवला आणि आमच्या दारात उभं राहून आईला सगळं सांगून टाकलं.

"पडला न्हाईस न्हवं?" तिने विचारलं.

"नाही."

"मला टेकडीवरच कळलं हुतं. वजन कमी करणाऱ्याला ओझ्यासकट उतरायचा घोर कशाला?"

"मग शिकवलंस का?"

"पडला असतास की. जा, आधी आंगूळ कर."

आत दोन ताटं मांडलेली होती. ती माझ्यासाठी जेवायची थांबली होती.