भिवराबाईचं राखून ठेवलेलं रडणं

भिवराबाईनं आमच्या जिनिंगचं अवार्ड बुडवलं, असं तालुक्यात बोलतात. बुडवलंच! अन् बरं केलं. पण बोलणाऱ्यांना पुढचं-मागचं काही ठावं न्हाई, उगं पारावर बसून जिभा हलवायच्या. मी तितं व्हते. मी छबुबाई, जिनिंगच्या कॅन्टीनात चहा करते. त्या दिवशी पाव्हण्यांच्या चहाची किटली माझ्याच हातात व्हती. म्हणून मी सांगते ते ऐका.

भिवरा माहेरची चौसाळ्याची. दिली इकडं गेवराईच्या अंगाला, पंडितला. उंच, हाडापेराची बाई, तोंडाची फटकळ. पंडित मऊ माणूस. ती बोलायची अन् तो हसायचा, असा त्यांचा संसार. पंडित आमच्या सहकारी जिनिंगमधी कामाला व्हता. कापसातनं सरकी काढायची गिरणी ती. मोठ्या मोटरीवरनं एक रुंद पट्टा फिरायचा, अन् त्या पट्ट्यावर समद्या मशिनी चालायच्या. पट्ट्याला जाळी नव्हती. पंडित अन् त्याचा जोडीदार धुळाजी, दोघांनी कितीदा तरी चेरमनला सांगितलं, साहेब जाळी बसवा. चेरमन मोहनराव म्हणायचे, "बघू पुढच्या हंगामाला." संस्था म्हणायला सभासदांची, पण मोहनरावांच्या हुकमाबिगर तितं दिवा बी लागत नव्हता.

एका हंगामात पट्ट्यानं पंडितच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, अन् रुमालामागं पंडित.

आत मेला म्हणलं की पोलिस येणार, चौकशी येणार, ऐन हंगामात गिरणीला कुलूप लागणार. मंग काय केलं ह्या लोकांनी? मढं उचललं, गेटाबाहेर नेलं, डांबरी रस्त्यावर निजवलं. अन् उठवली हूल, की पंडित कापसाच्या ट्रॉलीवरनं पडला, वरनं चाक गेलं. भिवरा तवा भावाच्या घरी पाळणा व्हता म्हणून चौसाळ्याला गेलती. ती यस्तोवर चिता अर्धी जळाली व्हती. लाकडं चेरमनची, रॉकेल चेरमनचं. लोक म्हणले, केवढा देवमाणूस! देवमाणूस म्हणं. मुडदा बशिवला त्याचा!

त्या साली मी ऊस तोडायला कर्नाटकात गेलते. परत आले ती आधी भिवराच्या दारात गेले, गळ्यात पडून रडायला. आमच्यात तसंच हाय. मरणाच्या घरी बाई गेली की गळ्यात पडायचं, सूर धरायचा, अन् गेलेल्या माणसाचं समदं बोलून दाखवायचं. बाईनं एकदा सूर धरला की तिला मधी कुणी गप म्हणत न्हाई. सासरा असू द्या न्हाई तर सरपंच असू द्या. तिचं बोलून व्हऊ द्यायचं, मंग तांब्याभर पाणी द्यायचं चूळ भरायला.

भिवरानं मला हातभर लांब धरलं. डोळे कोरडे ठाक. म्हणली, "छबे, रडू नको. मी बी रडले न्हाई. मला तोंड दावलं न्हाई त्यांनी. म्हणतात रस्त्यावर पडला, अन् रस्त्यावर रगताचा एक थेंब न्हाई. मी बघून आले. रडीन मी. पण चेरमनच्या पुढ्यात रडीन, चार मोठी माणसं बघतील असं."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

चेरमननी तिला जिनिंगमधीच झाडायला ठिवली. तोंड बंद करायला टाकलेला तुकडा, दुसरं काय? मला वाटलं भिवरा थुंकंल त्याच्यावर, पण तिनं घेतली नोकरी. रोज त्याच पट्ट्यापाशी झाडायची. पंडित गेल्यावर महिनाभरात पट्ट्याला जाळी बसलीती, चांगली पिवळी रंगवलेली. झाडून झालं की ती जाळी फडक्यानं पुसायची, अन् धुळाजी दिसला की मोठ्यानं इचारायची, "भावजी, बरे हाव का?" बास, येवढंच. धुळाजीच्या हातातलं काम गळायचं. मढं कुणी उचललं ते गावाला ठावं व्हतं, पण कुणी बोलत नव्हतं. ज्याला त्याला आपापलं पोट हाय.

अशी सालं गेली. मंग आला तो मोठा दुष्काळ. कापूस बोंडातच करपला. गावात टँकर चार दिसाआड यायचा, अन् बाया घागरीवरनं एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. जिनिंग तर बंदच, एखादी गाडी आली तर मशिनी फिरायच्या. अन् नेमकं त्याच साली चेरमनला खूळ लागलं अवार्डचं. कशाचं अवार्ड, तर कामगारांची लई काळजी घेणाऱ्या कारखान्याचं! सुरक्षेचं म्हणं. संस्थेची निवडणूक तोंडावर व्हती, मुंबईत मोठ्या माणसाच्या हातनं ढाल घ्यायची अन् फोटो गावोगाव लावायचा, असा बेत. आवं, गिरणीच बंद, तर कुणाचं बोट तरी कसं कापंल? ह्याचं बी बक्षीस मागतात!

त्याच्यासाठी उत्तरेश्वर नावाचा एक कवळा साहेब आणला. पोरगं वाईट नव्हतं, पण त्याला गावचं काही ठावं नव्हतं. त्यानं फरशीवर पिवळ्या रेघा मारल्या, भिंतीवर पाट्या लिवल्या, आमाला पदरावरनं हेल्मेट घालून उभं केलं अन् फोटो काढले. पिवळ्या जाळीचा तर चार बाजूंनी फोटो. अर्जात लिवलं, की संस्था निघाल्यापासनं आमच्या गेटाच्या आत एक माणूस मेला न्हाई. अवार्डसाठी गिरणी तपासायला परीक्षक यायच्या आदल्या दिवशी तर कहर केला. गावचा टँकर जिनिंगमधी वळवला अन् त्या पाण्यानं फरशी धुतली. फरशी! बाया गेटाबाहेर रिकाम्या घागरी घेऊन बघत व्हत्या. माझ्या तोंडात तवा काय काय आलं ते हितं सांगण्यासारखं न्हाई.

आता परीक्षकांपुढं एक देखावा करायचा व्हता. मॉक ड्रिल म्हणतात त्याला. एकजण जखमी व्हऊन पडणार, भोंगा वाजणार, स्ट्रेचर येणार, गाडी येणार. उत्तरेश्वर म्हणला, जखमी माणसाची बायको रडत आली तर लई खरं वाटंल, मी तिला धीर देईन. त्यानं बायांना इचारलं. एक बी तयार व्हईना. नवरा जिता असताना कोण बाई त्याच्या नावानं खोटं रडंल? अभद्र न्हाई का ते? त्याला बिचाऱ्याला कळंना, ह्या का म्हणून पळतात ते.

तवा कोपऱ्यातनं भिवरा म्हणली, "साहेब, मी करते. माझं काय जायचं ऱ्हायलंय? पण जखमी म्हणून धुळाजी भावजी निजले पायजेत. दुसऱ्या परक्या गड्यापाशी मी बसणार न्हाई."

धुळाजी पांढरा पडला. चेरमनपाशी जाऊन हात जोडले त्यानं. चेरमन त्याच्यावर खेकसले, "गप निज बे! पाच मिन्टाचं काम हाय." त्यांना वाटलं असंल, बाई आता माणसाळली. मी मातर त्या राती भिवराला म्हणले, "बाई, नोकरी जाईल तुझी." ती म्हणली, "जाऊ दे. चेरमनचं जाईल त्याच्यापुढं माझं काय हाय?"

मुंबईचे परीक्षक आले. एक पिकल्या केसांचे गृहस्थ अन् एक चष्म्याच्या बाई. फेटे झाले, नारळ झाले, माझा चहा झाला, फेटे उतरवून हेल्मेट चढली. मंग भोंगा वाजला. धुळाजी त्या पिवळ्या जाळीपाशी आडवा झाला, अंगावर लाल रंग शिंपडलेला. अन् भिवरा आली. पळत न्हाई आली. पदर सोडून, केस मोकळे करून, एक एक पाऊल टाकत आली, धुळाजीच्या छातीवर डोकं टेकलं अन् सूर धरला.

"आवं मालक वं... मी दोन दिसांसाठी माहेरी गेलते वं... मला न इचारता कुठं निघालाव? मला तोंड का दावलं न्हाई वं... जाळी मागत व्हताव ना मालक, जाळी आली वं... तुमाला खाऊन मंग आली वं मालक, पिवळी जाळी..."

उत्तरेश्वर पुढं झाला, पाठ केलेलं म्हणाया लागला, "ताई, शांत व्हा, गाडी येतेय." बायांनी त्याला मागं ओढला. सूर धरलेल्या बाईला गप करतो काय रे? अन् मंग आमीच गेलो. मी किटली खाली ठिवली अन् गेले, तिच्या गळ्यात पडले. दुसरी आली, तिसरी आली. इतकी सालं ऱ्हायलेलं रडणं ते, ते काय एकटीचं व्हतं का!

चेरमनचं तोंड उतरलंतं. पण ऐका काय झालं. त्या चष्म्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या! म्हणल्या, "किती खरं वाटतंय! कामगारांनी मनापासून भाग घेतलाय." झालं, चेरमनच्या जिवात जीव आला. ते बी टाळ्या वाजवाया लागले. "आमच्या बाया लई हुशार हायेत, मॅडम." त्याच बाईच्या रडण्यावर ह्याला बक्षीस मिळणार व्हतं! मला वाटलं उकळती किटली उचलावी अन् घालावी टाळक्यात.

भिवरा थांबली न्हाई. तिनं धुळाजीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "बोला की मालक... कुणी उचललं तुमाला? कुणाच्या खांद्यावरनं गेलाव? जीव व्हता का वं तवा? पाणी मागितलंव का? मागितलंव अन् दिलं न्हाई का कुणी? बोला की वं..."

धुळाजीचे डोळे मिटलेले, पण त्यातनं धार लागली. अन् तो उठून बसला.

"मागितलं व्हतं," तो म्हणला. "पाणी मागितलं व्हतं, वहिनी. जीव व्हता त्याच्यात. मीच उचलला. चेरमन म्हणले, गेटाबाहेर न्ये आधी, मंग बघू. रस्त्यावर गेल्यावर गेला तो."

भिवराचा सूर तुटला. मढं उचललं ते तिला ठावं व्हतं. जित्यालाच उचलला, हे तिला ठावं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

चेरमन हसाया बघत व्हते. "साहेब, हे नाटकातलंच हाय. जरा वाढवलंय लोकांनी." पिकल्या केसांच्या गृहस्थांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं. त्यांनी धुळाजीला इचारलं, "त्या माणसाचं नाव काय?"

"पंडित."

"कुठं झालं हे?"

धुळाजीनं जाळीवर हात ठिवला. "हितं."

चष्म्याच्या बाईंचे हात टाळीसाठी वर आलेले, ते तसेच ऱ्हायले. गेटाबाहेरच्या बाया घागरी घेऊन आत आल्यात्या, पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं बी न्हाई. धुळाजी भिवराच्या पायावर पडला. तिनं पाय मागं घेतला. म्हणली, "न्हाई भावजी. माफी न्हाई. आता बोललाव ना, असंच पोलिसापुढं बोला, कोर्टात बोला. मरस्तोवर बोलत ऱ्हावा."

मी तांब्या भरून आणला, तिला चूळ भरायला. तिनं माझा हात बाजूला सारला.

"तुझ्या हातचं नगं, छबे. चेरमन, तुमी द्या."

मोहनराव हलंनात. परीक्षक बघत व्हते, बाया बघत व्हत्या. मी तांब्या त्यांच्या पुढ्यात धरला. शेवटी त्यांनी घेतला अन् तिच्यापुढं केला. निम्मं पाणी त्या धुतलेल्या फरशीवर सांडलं. भिवरानं घोट तोंडात घेतला, चूळ भरली, अन् त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर थुंकली.

"पंडितनं मागितलंतं ते पाणी हे," ती म्हणली. "माझं सुतक फिटलं, चेरमन. तुमचं आता लागलं."