पेज माझं, कौतुक तिचं

माझ्या पोटदुखीचं कारण जुईनगरची एक तेवीस वर्षांची पोरगी होती. आज सरळ सांगते, कारण तेव्हा घरात आणि ऑफिसात सगळ्यांना ॲसिडिटी झालीय असंच सांगत होते.

पेज मी सुरू केलं होतं. चार वर्षांपूर्वी, एकटीने. एका कोरियन कार्यक्रमाचं फॅन पेज. कार्यक्रम असा की सहा बाप्ये दर आठवड्याला कुठल्यातरी खेड्यात जातात, तिथल्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली राबतात, खेळ खेळतात आणि हरेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. रडारड नाही, कटकारस्थानं नाहीत. मी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला बसते. दिवसभर टपालावर शिक्के मारून आल्यावर सहा घोडे एका मुळ्यावरून भांडताना बघायचे, यासारखं सुख नाही. नवरा म्हणायचा, तुला त्यांचं कळतं तरी काय? मला इंग्रजी सबटायटलं वाचून कळायचं. मग पहाटे, डबे करायच्या आधी, मी एकेक तुकडा कापून त्यावर मराठी ओळी टाकायला लागले. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मी 'बी विंगच्या वहिनी', बस्स. पेजवर मात्र हजारो माणसं मला 'ॲडमिन ताई' म्हणायची. नागपुरातनं, कोल्हापुरातनं, एक तर दुबईतनं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने काहीतरी होतं, म्हणजे नाव नव्हतंच, पण माझं होतं.

मग एके दिवशी हिचा मेसेज आला. ताई, परवाच्या क्लिपमध्ये तो 'भूक लागली' म्हणत नव्हता, आईच्या हातचं आठवतंय असं म्हणत होता. पुढे हात जोडल्याचं चिन्ह. आधी माझं डोकंच फिरलं. कोण ही शहाणी? पण चौकशी केली तर बाईसाहेब तीन वर्षं कोरियन शिकत होत्या, परीक्षा देत होत्या. मी आपलं शिक्षणाचं कौतुक असलेली बाई. मोठेपणा दाखवायला गेले आणि तिलाही ॲडमिन केलं. स्वतःच्या हाताने. एकीने लिहायचं, दुसरीने तपासायचं, मगच टाकायचं, असा नियमही मीच केला. ओळींखाली कोणी लिहिलंय ते कळावं म्हणून मी मिरचीचं चित्र टाकायचे, तिने लिंबू घेतलं. लोकांना भारी मजा वाटली. लिंबू-मिरची टांगलीय, आता पेजला नजर लागायची नाही, असं कोणीतरी लिहिलं. नजर आतच बसली होती, ते त्यांना काय माहीत.

खरं बिनसलं ते एका भागावरून. समुद्राकाठच्या गावातली एक म्हातारी त्या सहा जणांना झापत होती. मी लिहिलं असतं, 'तुम्ही काहीच काम करत नाही.' ही पोरगी मूळची खाडीकाठच्या गावातली, आजी आगरी. तिने लिहिलं, 'काय रं पोरांनो, खायला तुमी सगली हाव, कामाला कोन हाय?' म्हातारी तिकडे गावंढळ कोरियन बोलते म्हणून हिने इकडे स्वतःच्या आजीची बोली लावली. तपासायला माझ्याकडे आलं तेव्हा मी खोकत खोकत हसले. हसले आणि हसता हसता जळले.

कारण सांगते. मी लातूरकडची. सातवीत वडिलांबरोबर वाशीला आले तेव्हा मी 'का'ऐवजी 'कामून' म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. दोन वर्षांत मी माझी बोली अशी धुऊन काढली की आता माझी आईसुद्धा मला म्हणते, तू टीव्हीवरच्या बाईसारखी बोलतेस. मी जे लाजून टाकून दिलं, ते ही पोरगी खुशाल जगासमोर मांडते आणि वर लोक टाळ्या वाजवतात? माझ्या वेळी कुठे गेले होते हे टाळ्या वाजवणारे?

आणि टाळ्या तरी किती. लिंबू ताई, लिंबू ताई. मी काही टाकलं की खाली हमखास, 'आज मिरचीच का?' मी त्या कमेंटला हसरा चेहरा द्यायचे आणि मोबाईल गादीवर आपटायचे. तिचं काही चुकतंय का, हे मी भिंगातून बघावं तसं बघायला लागले. उशिरा पाठवायची, एवढंच सापडलं. बोलले तर म्हणाली, टेन्शन नका घेऊ ताई, होईल. हिच्या घरी डबे कोण करतं ते मला माहीत होतं. आई.

अशातच त्या कार्यक्रमाच्या लोकांचं पत्र आलं. निरनिराळ्या देशांतल्या काही फॅन पेजांशी कलाकार व्हिडिओ कॉलवर बोलणार, प्रत्येकाला पाच मिनिटं. पेजमागे एकच माणूस. नाव आठवड्यात कळवा. मी ते पत्र ऑफिसात चार वेळा वाचलं. पाच मिनिटं ती माणसं माझ्याशी बोलणार होती. मी उत्साहाच्या भरात पेजवर बातमी टाकली आणि तासाभरात खाली रांग लागली: लिंबू ताईलाच पाठवा, तिला भाषा येते.

ती नेहमीसारख्या ओळी पाठवत राहिली. जावंसं वाटतंय का, हे मी विचारलंही नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एक नीच काम केलं. माझं एक खोटं अकाउंट होतं, इतरांची पेजं चोरून बघायला. त्यावरून लिहिलं, 'लिंबूला कोरियन येत असेल, मराठी येत नाही. ही गावठी भाषा वाचवत नाही. पेज मिरचीचं आहे, तिलाच जाऊ द्या.' पाठवलं. एवढ्यात साहेबांनी हाक मारली, मी फाईल घेऊन आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर येऊन बघते तर काय, अकाउंट बदललंच नव्हतं. ते सगळं पेजच्याच नावाने गेलं होतं. खाली लोक एकमेकांना खुणावत होते, स्क्रीनशॉट फिरत होते. डिलीट करायला बोट नेलं तर खाली पेजच्याच नावाने उत्तर आलेलं: 'हे मीच लिहिलंय, गंमत म्हणून. तुला मराठी येत नाही, हे आजी मला रोज ऐकवते!' शेवटी लिंबू. लोक हसून हसून लोळत होते. तिच्यावरचं त्यांचं प्रेम दुप्पट झालं होतं.

मग मला वेगळा मेसेज आला. 'ताई, अकाउंट बदलायचं राहिलं वाटतं. नाव तुमचंच कळवते, पेज तुमचं आहे.'

लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला बोलू, ती लाज संध्याकाळपर्यंतच टिकली. भाजी चिरताना वाटायला लागलं, बघा, चांगलं वागण्यातही हीच पुढे. निदान चिडली असती तर मला भांडता आलं असतं. तू जा, असे दोन शब्द लिहायला मला वेळ होता, चार दिवस होते. मी लिहिले नाहीत.

कॉल रविवारी दुपारी होता. माझं इंग्रजी अडलंच तर मदतीला म्हणून मी तिला घरी बोलावलं. ती पांढरा कुर्ता घालून आली, हातात वही, वहीत कोरियन वाक्यं लिहिलेली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, असंच, तुम्हाला लागलं तर. ती टेबलापलीकडे बसली, लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी.

समोर दोघं आले. सहा जणांतला सर्वांत थोरला आणि तो मुळ्यावरून भांडणारा. मध्ये एक दुभाषी बाई इंग्रजीत सांगायची. मी नमस्कार केला, त्यांनी वाकून केला. हवापाण्याचं झालं. मग थोरल्याने काहीतरी लांबलचक विचारलं. दुभाषी सांगायच्या आधीच पलीकडे ह्या पोरीचा चेहरा उजळला, म्हणून मला कळलं की तिच्याबद्दल आहे.

"आमच्या म्हाताऱ्यांचं बोलणं तुम्ही तुमच्याकडच्या खेड्यातल्या बोलीत लिहिता, असं ऐकलं. ऐकून फार बरं वाटलं," दुभाषी म्हणाली. "ते कोण लिहितं?"

पलीकडून पोरगी माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती, मागत काही नव्हती. लॅपटॉप जरासा फिरवला असता तरी झालं असतं.

"मी," मी म्हणाले. "सगळं मी एकटीच करते."

दुभाषीने ते कोरियनमध्ये सांगितलं. म्हणजे त्या पोरीने ते दोनदा ऐकलं. थोरल्याने छातीवर हात ठेवून मला मान लववली. तिने वही मिटली आणि मांडीवर घेतली. कॉल संपल्यावर मी चहा केला, तिने घेतला, छान झालं म्हणाली आणि पाच वाजता गेली.

कॉलची क्लिप पेजवर टाकायची होती. कोरियन बोलण्यावर ओळी लिहायचं काम साहजिकच तिचं. सोमवारी सकाळी तिने नेहमीसारखी फाईल पाठवली, या वेळी वेळेवर. मी डब्याची पोळी तव्यावर ठेवून बघायला घेतली. थोरला विचारतोय, ते कोण लिहितं? खाली माझं उत्तर, तिच्या हाताने मराठीत: 'मी. सगळं मी एकटीच करते.' ना एक शब्द इकडे, ना तिकडे. फाईलखाली मेसेज होता, 'ताई, तपासून सांगा. काही चुकलंय का?'

मी ती क्लिप तीनदा बघितली. पोळी करपली. मग लिहिलं, 'बरोबर आहे. टाक.'